आप्पांची थोरली आणि धाकटी

ये, अशी जवळ ये. पुण्यात बसून वाचते आहेस ते ठाऊक आहे मला, तरी खुर्ची जरा पुढं ओढ, मला बरं वाटतं. आधी रागावून घेते, मग बाकीचं.

काल तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, घाटात तुझी गाडी तापली, पुढून वाफ यायला लागली, आणि आमच्या शहाण्या बाईनं खाली उतरून पहिलं काय केलं, तर ओढणी हाताला गुंडाळून पाण्याच्या टाकीचं टोपण फिरवलं! अगं, चहाचं आधण उकळत असलं तरी आपण झाकणी जपून उचलतो की नाही? बोटाला एक फोड आला, तेवढ्यावर निभावलं. तोंडावर आलं असतं म्हणजे? आणि हे मला तुझ्या आईकडून कळावं? तुझा फोन काय बिघडला होता?

बरं, झालं रागावून. आता ऐक. ते टोपणाचं ऐकलं आणि मला आमचे आप्पा आठवले, ते काही केल्या डोक्यातून जाईनात. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

"तापलेल्या गाडीचं टोपण उघडायचं न्हाय," आप्पा म्हणायचे, "आनि चिडलेल्या बायकोला का चिडलीस म्हणून इचारायचं न्हाय. दोघींच्यापास्नं जरा लांब बसायचं. पान खायाचं."

हे ते काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ऐकू जाईल असं म्हणायचे. मग काकू आतून, "बसा की लांब. जेवायला पण तिकडंच बसा."

आप्पा म्हणजे आमचे घरमालक. लग्नानंतर मी आणि तुझे काका कोल्हापुरात आलो, तेव्हा गवळ्यांच्या वस्तीला लागून दोन खोल्या घेतल्या, त्या त्यांच्या. मूळ घर सीमेकडचं, त्यामुळं बोलताना मधेच एखादं कानडी 'यव्वा' यायचं. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणाले, त्यांच्या मुलीच्या वयाची असून.

राहायला गेल्यावर आठवडाही झाला नव्हता. सकाळी भाकऱ्या थापत होते, तर आप्पा अंगणातून काकूंना सांगताना ऐकू आलं, "थोरली कालपास्नं तापलीया. पाणी बी लई पितीया. धाकटीनं तर वैरणीला तोंड लावलं न्हाय." आता वैरण हा शब्द मी ऐकलाच नाही बघ. थोरली आजारी एवढंच कानात राहिलं. म्हटलं नवीन शेजार आहे, आपण विचारपूस नको का करायला? गार पाण्यात पंचा भिजवला, पिळला आणि घेऊन गेले. म्हटलं, "आप्पा, थोरली कुठं निजलीय? कपाळावर घडी ठेवते."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, पंचाकडं पाहिलं. हसले नाहीत. मला परड्यात घेऊन गेले. तिथं एक जुनाट, रंग उडालेली पिकअप उभी होती, बॉनेट उघडं, आतून वाफ निघतीय. आप्पांनी माझ्या हातातून पंचा घेतला आणि त्या पाण्याच्या टाकीवर अलगद ठेवला, अगदी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. म्हणाले, "ही थोरली. आनि ती तिकडं रवंथ करतीया ती धाकटी." धाकटी म्हणजे म्हैस. "शेजार म्हंत्यात तो ह्यो," असं वर काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "पोरी, थोरली ही, धाकटी ती. मग मी कोण लागते ते पण इचार की ह्यास्नी."

तो पंचा मला परत मिळाला नाही. त्या गाडीतच राहिला कायमचा.

आप्पा भाडी मारायचे. कुणाचा गूळ, कुणाची वैरण, कुणाचं लग्नाचं सामान. मी कांदा-लसूण मसाल्याचं काम सुरू केलं तेव्हा बाजारातून मिरचीची पोती आणायची आणि डंकावर कुटायला पोचवायची, हे काम आप्पांचंच. मी पुढं शेजारी बसायचे. गाडी सुरू केली की इंजिनातून एक आवाज यायचा, कुणीतरी पाटीवर खिळा ओढल्यासारखा, चींऽऽ! आणि त्याच्याबरोबर आप्पांचं तोंड सुरू.

"झालं का सुरू तुझं? खायाला घालतोय, पाणी पाजतोय, आनि तरी हितंच हुभी व्हय गं, भवाने! चल, हाल! गावात नाक कापायला जलमलीस!"

हे सगळं गाडीला बरं का. माणसाला त्यांनी कधी वाकडा शब्द वापरला नाही. गिऱ्हाईक भांडलं तरी "असू दे पावणं" म्हणायचे. धाकटीशी तर इतकं गोड बोलायचे की काकू तोंड फिरवायच्या. "ये गं माझे बाय, ये यव्वा." शिव्या खायचा मान एकट्या थोरलीचा.

आणि ती तापायचीही अशी! जरा चढ आला, जरा बाजारात अडकलो, की काटा वर. लोकांना रस्ता गावांनी आठवतो, आप्पांना पाण्यानं आठवायचा. जयसिंगपूरला जायचं तर कुठल्या वळणावर हापसा, कुठल्या देवळामागं नळ, कुणाच्या विहिरीवर बादली बांधलेली असते, सगळं पाठ. वर चवीही सांगायचे. "हातकणंगल्याचं पाणी थोरलीला मानवतंय. जयसिंगपुरात पाजलं की तिचं पोट बिघडतंय." तिला पाजल्याशिवाय स्वतः चहा घ्यायचे नाहीत. तेही लगेच नाही पाजायचं. आधी सावलीला लावायची, बंद करायची, बॉनेट उघडायचं आणि लांब बसायचं. चांगली निवली, हात ठेवता यायला लागला, की माझा तो पंचा ओला करून टोपणावर टाकायचा, थोडं फिरवायचं, फुस्स होऊ द्यायचं, मग उघडायचं. हे पुन्हा वाच. तुझ्यासाठीच लिहिलंय.

असं बसण्यात आप्पांचा जन्म गेला आणि त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. प्रत्येक बसण्याच्या जागी ओळखी. हातकणंगल्यात स्टेशनच्या पुढं एका घरी नेहमी पाणी मागायचे. त्या घरची मुलगी घागर भरून आणून द्यायची, आणि वर "मामा, वाईच थांबा, अजून ऊन हाय इंजिन," असं दटावायची. तीच मुलगी पुढं आप्पांची सून झाली. त्यांचा मुलगा बाळू गाडीवरून काही बोलला, की काकूंचं ठरलेलं, "थोरली त्या दारात उकळली नसती तर बिनलग्नाचा ऱ्हायला असतास."

बाळू इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहायचं, त्यामुळं घरी आला की त्याला आवाज म्हणून नको असायचा. हळू बोलायचा, ताटली सुद्धा हळू ठेवायचा. आणि बाप असा. परड्यात चींऽऽ झालं की हा कानावर हात ठेवून आत जायचा.

आता पाडव्याचं सांगते. तू मुंबई-पुण्याची, तुला दिवाळीचा पाडवा म्हणजे ओवाळणी. कोल्हापुरात गवळ्यांच्या वस्तीत पाडव्याला म्हशी पळवतात. अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, मोरपिसांचा तुरा, गळ्यात घुंगुरमाळ, आणि मालक मोटारसायकल घेऊन पुढं. सायलेन्सर काढलेला, नुसती फटफट. म्हशीला आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखता येतो, एवढ्या गर्दीत बरोबर त्याच्याच मागं पळते. बघायला अख्खी पेठ लोटते. आप्पांना मोटारसायकल येत नव्हती. त्यांची धाकटी पळायची पिकअपच्या मागं. लोक हसायचे, पण वाट द्यायचे. तशी म्हैस कुणाकडं नव्हती, आणि तशी गाडीही.

एरवी सुद्धा धाकटी नदीवर डुंबायला गेली की तिला बाहेर काढायला आप्पा गाडी सुरू करायचे. चींऽऽ झालं, आप्पांनी थोरलीला चार शब्द सुनावले, की धाकटी चिखलातून उठून निमूट मागं.

गाडी का तापते, ह्याचा शोध मेस्त्री घेत होता. उद्यमनगरातला, आप्पांचा जुना दोस्त. त्यानं काय करायचं ठेवलं नाही. टाकी खोलून गज घालून साफ केली. रबरी नळ्या बदलल्या. पाण्याचा पंप नवा घातला. पंख्याचा पट्टा ढिला दिसला, तो आवळला. गाडी दोन-चार दिवस शहाण्यासारखी चालायची आणि परत उकळायची. मेस्त्री येऊन बघतो तर पट्टा परत ढिला! त्यानं पट्टा बदलला, बोल्ट बदलला. परत तेच. बिचारा रडकुंडीला आला. "आप्पा, माझ्या हातनं गेलेली गाडी अशी परत येत न्हाय. तुमच्या थोरलीवर कुनीतरी करणी केलीया." काकूंनी लिंबू-मिरची बांधली. मिरची माझ्याचकडची. आप्पा सगळ्यांच्या मधे उभे राहून मान हलवत होते, "काय कळंना बाबा. काय कळंना."

एका सकाळी मी मिरच्या वाळत घालायला परड्यात गेले, तर थोरलीचं बॉनेट उघडं आणि आप्पांचे दोन पाय तेवढे बाहेर. वाकून बघते तर हातात पाना, आणि पट्ट्याचा बोल्ट ढिला करायलायत!

"आप्पा! काय करायलाय हे?"

आप्पांचं डोकं बॉनेटला आपटलं. "अक्का, वरडू नको. हळू."

"म्हणजे करणी तुम्हीच करताय व्हय?"

"ऐकून तर घे. पट्टा आवळला की आवाज जातोय बघ तिचा. आवाज गेला की धाकटी वळखत न्हाय. मागच्या खेपेला मेस्त्र्यानं आवळला, नदीवर गेलो, गाडी कशी लोण्यावानी चालू झाली. धाकटी बघतीया माझ्याकडं, जनू कोन मी! पाण्यात शिरून शेपूट धरून आणावं लागलं." मग अगदी बारीक आवाजात, "एक तापू दे. दुसरी तर मागं येऊ दे."

मी कुणाला सांगितलं नाही.

पण त्याच वर्षीच्या पाडव्याला घात झाला. म्हशीच्या चालीनं गाडी हाकायची म्हणजे हळू, त्यात गर्दी, त्यात पट्टा ढिला. चौकाच्या मधोमध थोरली उकळली. मागं रांगा लागल्या, लोक हॉर्न वाजवायलेत, आणि सगळ्या जन्मात जे केलं नाही ते आप्पांनी केलं. गडबडीत पंचा न घेताच टोपण फिरवलं. मनगटापर्यंत हात भाजला. महिनाभर काकूंनी भरवलं.

बाळू तेव्हा ओरडला नाही, त्याची ती रीतच नव्हती. पट्टी बांधून झाल्यावर एवढंच म्हणाला, "आप्पा, पुढच्या पाडव्याला गाडी तापली, न्हायतर म्हस माणसांत बुजली, तर दुसऱ्या दिवशी गाडी भंगारात आनि म्हस हातकणंगल्याला सासरवाडीला. तुमचा हात परत भाजल्याला मला बघायचा न्हाय." आणि त्याचं चुकलं कुठं सांग? आप्पा भाजलेला हात मांडीवर ठेवून परड्याकडं बघत बसले. मला ते बघवलं नाही. मी उठून मेस्त्रीकडं गेले आणि पट्ट्याचं सगळं सांगून टाकलं.

मेस्त्री आधी हसला, मग इतका चिडला की हातातला पाना फेकला. मग परत हसला. म्हणाला, "पट्टा तर आवळायलाच पायजे, वहिनी. त्याला इलाज न्हाय. आवाजाचं बघू दुसरं काय तरी."

ते दुसरं काय तरी म्हणजे मी! हसू नको. पुढच्या पाडव्याच्या आधी आठवडाभर मी त्या पिकअपच्या हौद्यात स्टीलचं ताट घेऊन बसत होते आणि त्यावर उलथनं ओढत होते. चींऽऽ! अगदी तसाच आवाज, माझेच दात शिवशिवायचे. गल्लीतली कुत्री पळाली. काकूंनी कानात बोळे घातले. धाकटी माझ्याकडं बघत रवंथ करत उभी. मेस्त्रीनं दाराच्या बिजागरीचा आवाज करून बघितला, सायकलची घंटी वाजवली. काही नाही. आप्पा गोड बोलून थकले. "ये गं माझे बाय." बाय जागची हलली नाही.

पाडवा उजाडला. धाकटी नटली होती बघ, दृष्ट लागावी अशी. थोरली तर काय, आवाज नाही, वाफ नाही, काटा मधोमध. मेस्त्री अभिमानानं बाजूला उभा. मी हौद्यात, ताट-उलथनं घेऊन. आप्पांनी गाडी सुरू केली. थोडी पुढं घेतली. धाकटी तिथंच. मी उलथनं ओढलं. लोक हसले. आप्पांनी मागं वळून हाक मारली, "ये यव्वा." दुसऱ्यांच्या म्हशी फटफटीमागं धावत आमच्या बाजूनं जायला लागल्या. ही मात्र त्या गर्दीत बावरून कान पाडून उभी.

मला एवढंच जाणवत होतं की आप्पा सकाळपासून गप्प आहेत. गाडीनं काही आगळीकच केली नव्हती, बोलणार कशावर?

बाळू पुढं आला. काचेशी वाकला. "आप्पा, ऱ्हाऊ द्या आता. लोक हसायल्यात. घरी चला. मी बोलतो भंगारवाल्याशी."

आणि आप्पा उकळले.

"भंगारवाल्याशी बोलतोस? तू? खायाला घातलं, पाणी पाजलं, आनि तरी हितंच हुभा व्हय रं, गाढवा! चल, हाल! गावात नाक कापायला जलमलास!"

आप्पांचा आवाज माणसावर चढलेला कुणी ऐकलाच नव्हता. आणि मागून घुंगुरमाळ वाजली. मी वळून बघते तर धाकटीनं मान वर केलीय, कान ताठ, आणि माणसं सारत धावत आली की गं! नाक नेऊन हौद्याला टेकवलं. माझं ताट खाली पडलं.

मेस्त्रीच्या आधी डोक्यात आलं ते काकूंच्या. कडेच्या एका ओट्यावरून ओरडल्या, "अवो, पट्ट्याला न्हाय, तुमच्या तोंडाला येत हुती ती! शिव्या द्या, शिव्या!"

पण आप्पांना आता शिवी सुचेना. मुलाला बोललो म्हणून डोळ्यांत पाणी. ते बाळूनं बघितलं, आणि काय वाटलं त्याला कोण जाणे, दार उघडून आप्पांच्या शेजारी जाऊन बसला. म्हणाला, "आप्पा, तुमची गाडी म्हंजे नुसता डबडा हाय."

"काय म्हनलास?"

"आनि तुमच्या मेस्त्र्याला पाना धरता येत न्हाय."

झालं! गाडी निघाली. बाळू एकेक काडी लावतोय, गाडी डबडी, म्हस रेडकू, हातकणंगल्याचं पाणी खारट, आणि आप्पा स्टिअरिंगवर हात आपटून आपटून त्याचा उद्धार करतायत, आणि मागं धाकटी तुरा हलवत पळतीय, आणि हौद्यात मी हसून हसून आडवी. पूर्ण फेरी झाली. काटा मधोमध. तापले ते फक्त आप्पा. आणि खरं सांगू का, हळू बोलणाऱ्या त्या पोराला इतकं खूष मी कधी पाहिलं नव्हतं.

भंगारवाल्याचं नाव मग निघालं नाही. दर पाडव्याला पुढच्या सीटवर बाळू, बापाला चिडवायला.

आप्पा मागल्या थंडीत गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. दिवस झाल्यावर बाळू संध्याकाळी धाकटीला आणायला नदीवर गेला, मीही गेले सोबत. गाडी सुरू केली. धाकटी पाण्यात. बाळू हळू आवाजात, "ये गं. चल घरी." ती बघायलाही तयार नाही.

म्हटलं, "असं न्हाय बाळू. आप्पांसारखं म्हण."

"मला जमत न्हाय, अक्का."

दिवस मावळायला लागला. काय करावं कळेना. मग मीच म्हटलं, "जमायचं न्हायच तुला. आप्पांचं काम होतं ते. देऊन टाक ही दोन्ही, गाडी आणि म्हस, कशाला लोढणं?"

"देऊन टाक?" बाळू माझ्यावर फिरला. "खायाला घातलं, पाणी पाजलं, आनि..." पण तेवढं पुरलं. धाकटी उठली. चिखल झाडत आली, बाळूच्या बाजूनं पुढं गेली आणि गाडीच्या उघड्या दारातून तोंड आत घालून आप्पांची सीट हुंगली. बराच वेळ. मग मागं येऊन उभी राहिली. आम्ही घरी आलो.

तर पोरी, आता दिवाळी जवळ आलीय. गाडी बाळू चालवणार आहे. शेजारच्या सीटवर माणूस नाही. मी होते बसायला तयार, पण बाळू म्हणतो, अक्का, तुमचा राग येत न्हाय मला. त्याची बायको बसली तर तिला त्याच्याआधी हसू येतं. त्याला चिडवेल असं माणूस पाहिजे, आणि तुझ्याएवढं चिडवणारं आपल्या घराण्यात झालेलं नाही, हे मी त्याला सांगून बसलेय. बोटाचा फोड बरा झाला की निघ. तुझी गाडी मेस्त्रीला दाखवू. वाटेत तापली तर लांब बस, पान नसलं तर शेंगा खा, आणि टोपणाला हात लावू नको. पण ये, लवकर ये. धाकटीची शिंगं रंगवायच्या आधी पोच.